जहाजाची डावी बाजू

प्रिय दादा,

‘प्रिय’ हे सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. फोनवर तू हसलास, एवढं काय त्यात म्हणालास आणि फोन वहिनीच्या हातात दिलास. ती बिचारी मला हवापाण्याचं विचारत बसली. तिच्याशी माझं काही भांडण नाही. म्हणून मग कागद घेतला. कागद निदान मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, आणि दिलास तरी वाचावा तुलाच लागेल.

तू माझं चित्र फिरवलंस. मी बाबांच्या त्या युद्धनौकेची डावी बाजू काढली होती. डावी बाजू काढली की जहाजाचं तोंड बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं, हे तुला मी शिकवायचं कारण नाही. आपण दोघं एकाच टेबलावर रेघा मारायला शिकलो. पण तुमच्या संग्रहालयातल्या त्या लांब भिंतीवर सगळ्या जहाजांची तोंडं उजवीकडे, दाराच्या दिशेनं हवी होती. त्यामुळे माणसं रेंगाळत नाहीत, पुढे सरकतात म्हणे. आपलं एकटं जहाज सगळ्यांच्या विरुद्ध तोंड करून उभं राहिलेलं तुला बरं दिसेना. मग तू काय केलंस, तर संगणकावर एक बटण दाबलंस आणि आरशात दिसावं तसं ते उलटवून टाकलंस. जहाजाच्या अंगावरचा नंबर त्यात उलटा झाला, तो मात्र आठवणीनं सरळ करून घेतलास. मला सगळ्यात जास्त चीड त्या नंबराची आली. म्हणजे तुला दिसत होतं. चुकून झालं म्हणायचीही सोय तू ठेवली नाहीस.

ते चित्र कसं झालं ते तू पाहिलंच नाहीस, कारण घरी येतोस तेव्हा बूटसुद्धा धड काढत नाहीस. बाबा रोज माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे. माझ्याकडे जुने फोटो होते, पण ते सगळे धक्क्यावर उभं राहून खालून काढलेले. त्यात धुराडं बुटकं दिसतं आणि पुढचा भाग उगाच फुगतो. मोजमापाचे नकाशे होते, तेही जहाज बांधलं तेव्हाचे. नंतर त्यावर काय चढवलं, काय उतरवलं, ते सगळं बाबांच्या डोक्यात. धुराडं मागे किती कललेलं, कुठली गोल खिडकी पत्रा ठोकून बंद केलेली, डेकची कड मधोमध किती खाली उतरते. एकदा त्यांनी ती अख्खी कड मला पुसायला लावली. म्हणाले, हे जहाज नाही, पट्टी आहे. मी चिडले, तणतणले, आणि पुसली. शेवटच्या वर्षी डाव्या बाजूच्या होड्या काढून तिथे जादा तोफा बसवल्या होत्या. माणसांच्या जिवापेक्षा तोफांना जागा दिली, हे लोकांनी बघायला हवं, असं बाबांचं म्हणणं. म्हणून डावी बाजू. ती आम्ही सहज म्हणून निवडली नव्हती.

होड्या राहिल्या होत्या त्या फक्त उजवीकडे. ही गोष्ट आपण जेवताना इतक्यांदा ऐकली आहे की लहानपणी पुढचं वाक्य तू बाबांच्या आधी म्हणायचास आणि ते खोटं खोटं रागवायचे. बुडताना जहाज डावीकडे कललं, त्यामुळे उजव्या होड्या सरळ खाली उतरेनात, जहाजाच्या अंगाला घासत अडकत होत्या. बाबा दोर सोडता सोडता पायानं त्यांना ढकलत होते. त्या होड्यांतून वाचलेल्यांची नातवंडं अजून आपल्या घरी येतात. आणि तुझ्या भिंतीवर उजव्या बाजूला एकही होडी नाही. तिथे तोफा आहेत. शिवाय खाली पाटी लावली आहेस, जहाजाची उजवी बाजू, बुडालं त्या वर्षी. ही पाटी लिहिताना तुला काहीच आठवलं नाही का रे?

मी बाबांना तिथे मोठ्या हौसेनं घेऊन गेले. त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत टॅक्सीवाल्यानं विचारलंही नव्हतं, तरी त्याला सांगून झालं की चित्र माझ्या मुलीनं काढलंय आणि मुलानं लावलंय. चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल, म्हणून मी आपली जरा लांब थांबले. मग त्यांनी होड्यांच्या जागी काचेवर बोट ठेवलं, आणि तिथल्या रखवालदारानं हात लावू नका म्हणून हटकलं. तेव्हा मी पुढे होऊन नीट पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा एवढंच म्हणाले, कुठे बसायला मिळेल का.

तेव्हापासून ते पलंगावर बसतात आणि डावा कुठला, उजवा कुठला म्हणून आधी एक हात वर करून बघतात, मग दुसरा. परवा मला विचारलं, उजवीकडे होड्या नव्हत्या, तर मग मी कुणाला उतरवलं? सांग, काय उत्तर देऊ? हल्ली त्यांना शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात, हे तुला माहीत आहे. त्याची ते स्वतःच थट्टा करायचे. होड्यांची गोष्ट मात्र जशीच्या तशी होती. तेवढी एकच धड उरली होती दादा, आणि भिंत सारखी दिसावी म्हणून तू तिला हात घातलास.

मी त्यांना खरं सांगितलं. माझं मूळ चित्र पुढे ठेवलं, दादानं फिरवलंय म्हटलं. ते माझ्यावरच भडकले. म्हणाले, त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही, तो तिथे असताना भिंतीवर चूक जाणारच नाही, माझंच डोकं गेलंय, आणि मला बरं वाटावं म्हणून तू हे नवं काढून आणलंयस. आज सकाळी कपाटातून त्यांनी आपलं शौर्यपदक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं. हे परत करून ये म्हणाले, मी लोकांना खोटं सांगत आलो. मी घेतलं नाही, तर स्वतःच जायला निघाले. दार लावून कसंबसं थांबवलंय. तू चुकलास यापेक्षा आपण आयुष्यभर खोटं बोललो, हे त्यांना पटतंय. म्हणून हे पत्र. भिंतीचं काय करायचं ते नंतर कर, आणि माझी माफी मागायला येऊ नकोस, मला ती नको आहे. तू ये, त्यांच्यासमोर बस, आणि मी फिरवलं हे स्वतःच्या तोंडानं त्यांना सांग. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. तुझ्यावर आहे.

तुझीच, पण राग अजून तसाच असलेली,
धाकटी