फेर्मीनची दुसरी फेरी

मी, एर्सिलिया पेगेरो, दिवंगत रुबेन सांताना यांची पत्नी, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, राहणार चर्चमागची गल्ली, विया पाल्मार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने मला गेल्या रविवारी बेसबॉलच्या सामन्यात चेंडू फेकणारा आमचा पिचर सहाव्या डावात का ढेपाळला ते विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी फक्त जिना चढायला मनाई केली आहे, पण त्यांचा चेहरा त्याहून जास्त काही सांगत होता, म्हणून मी लिहायला बसले. वाक्य सुरू केले की ते पूर्ण करावे, असे मठाच्या शाळेत सिस्टर इमेल्दांनी शिकवले होते. त्याच सिस्टर अंतिम सामन्याच्या दिवशी बायबलच्या तासाला रेडिओ हळू आवाजात चालू ठेवत आणि आम्हाला सांगत, "मुलींनो, डोळे पुस्तकात. कान कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा."

एक. मला निळ्या पोशाखात पुरावे. तो शिवून पेटीत ठेवला आहे, बाह्या जरा ढगळ आहेत, तशाच राहू द्याव्यात. त्या दिवशी संध्याकाळी सामना असेल तर विधी सकाळी उरकावा. फादर हरकत घेणार नाहीत. उलट हायसे वाटल्याचे लपवतील.

दोन. माझे शिवणयंत्र शेजारच्या मिलाग्रोसला द्यावे. आपल्या गावच्या संघाचे गणवेश मी याच यंत्रावर आयुष्यभर शिवले, आता ती शिवते. तिने एवढेच लक्षात ठेवावे की पिचरच्या सदऱ्याची उजवी बाही खांद्याशी बोटभर सैल लागते, डावखुऱ्याची डावी. ती अजून हे विसरते आणि मग पोरे सदरा फाडून आणतात.

तीन. रुबेनचा रेडिओ लिच्यो न्हाव्याला द्यावा, या आशेने की तो कधीतरी स्वतःऐवजी समालोचकाचे ऐकेल. रुबेन वारला त्या आठवड्यात याच लिच्योने भर दुकानात म्हटले होते की रुबेनला बेसबॉलमधले फारसे कळत नव्हते. हे मी विसरलेले नाही. रेडिओ तरीही त्यालाच द्यावा. त्याच्याइतके रुबेनशी कोणी भांडले नाही, आणि रुबेनला त्याच्याइतके कोणी हसवलेही नाही.

चार. पतपेढीत जे काही आहे त्यातून माझा विधी करावा. उरेल ते माझा एकुलता मुलगा नेल्सन याचे.

पाच. घरही नेल्सनचे. परंतु व्हरांड्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

आमचा टीव्ही खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि सामना असला की गल्ली व्हरांड्यात जमते. गेल्या रविवारी सहाव्या डावात आमच्या पिचरने चेंडू बाहेर टाकून लागोपाठ दोघांना फुकट पळू दिले.

"काढा त्याला," लिच्यो म्हणाला. "हात उतरलाय त्याचा. खांदा बघा, उन्हातल्या मेणबत्तीसारखा वाकलाय."

"गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आलायस," मिलाग्रोस म्हणाली. "आधी तुला काढायला पाहिजे."

"मी म्हणतो, डावखुरा आणा."

"डावखुरा परवाच मार खाऊन गेला."

"मग तुझ्या नवऱ्याला आणायचं का?"

"आणा की. त्याचा चेंडू पोचेपर्यंत आपली जेवणं होतील."

सगळे हसले. हसता हसता लिच्यो म्हणाला, "त्या वेळी फेर्मीनने जसं जाऊन..." आणि त्याने जीभ चावली. दारात नेल्सन बर्फाचे भांडे घेऊन उभा होता. त्याने भांडे ठेवले आणि तो आत गेला. समोरच्या घरातून "अरेरे" असे ऐकू आले. फेर्मीनचा टीव्ही आमच्यापेक्षा क्षणभर पुढे चालतो. तो तिथे एकटा हळहळतो आणि इथे आम्हाला कळते की आता फटका बसणार. बसलाच.

फेर्मीन माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या मुलाचा धर्मपिता, त्याचा पाद्रिनो. नेल्सनला बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हातात धरले, चेंडू हातात त्यानेच दिला, आणि गावच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याच्यातला पिचरही त्यानेच घडवला. ज्या अंतिम सामन्यावर गाव अजून भांडते, त्यात आठव्या डावापर्यंत आम्ही एका धावेने पुढे होतो, नेल्सन पिचर होता, आणि अमेरिकेच्या क्लबची माणसे टोप्या घालून त्याला बघायला बसली होती. फेर्मीन एकदा पिचर उभा राहतो त्या उंचवट्यापर्यंत जाऊन त्याच्याशी बोलून आला. ते चालते. पण प्रशिक्षक त्याच डावात दुसऱ्यांदा गेला की पिचरला बाहेर जावेच लागते, हा नियम आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरांनाही ठाऊक असतो. दोन चेंडू पडले, नेल्सनने हात खाली झटकला, आणि फेर्मीन उठून चालू लागला. सगळे मैदान ओरडत होते, "फेर्मीन, मागे फिर, दुसरी फेरी आहे." तोवर त्याने मैदानाची चुन्याची रेघ ओलांडली होती, म्हणजे फेरी मोजली गेली.

नेल्सनने मला नंतर सांगितले की तो म्हणाला, "पाद्रिनो, तुम्हाला नियम माहीत नाही?" आणि फेर्मीन फक्त म्हणाला, "हात दाखव." इतक्यात पंचांनी बाहेरची खूण केली. नव्या पिचरला फटके बसले, सामना गेला, टोपीवाले निघून गेले आणि परत आले नाहीत.

तेव्हापासून नेल्सनने त्याच्याकडे आशीर्वाद मागितलेला नाही. आमच्याकडे धर्मपिता समोर दिसला की दिवसातून दहादा का होईना, "आशीर्वाद, पाद्रिनो" म्हणायचे आणि त्याने "देव तुझं भलं करो" म्हणायचे. न म्हणता पुढे जाणे हे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. वीसेक वर्षे नेल्सन समोरून न म्हणता जातो, आणि फेर्मीन त्या वेळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा, म्हणजे मुलाला अपमान करावा लागू नये. आता त्याला वाकवतही नाही.

फेर्मीन नियम विसरला की मुद्दाम गेला, यावर गावात दोन तट आहेत. त्याने स्वतः कधी खुलासा केला नाही. मी कॉफी वाटत असे, मला कोणी विचारले नाही. आता न विचारता सांगते. त्या महिन्यात नेल्सनने माझ्याकडून उजवी बाही दोनदा सैल करून घेतली होती. रात्री तो डाव्या कुशीवर झोपत होता. त्याचा हात दुखत होता हे या घराला माहीत होते, आणि बेटा, तुलाही माहीत होते. फेर्मीन विसरला असेल तर तुझा हात बघून विसरला. आठवणीने गेला असेल तर तुझ्या हातासाठीच गेला. मी पुष्कळ वर्षे या दोन्हींत फरक शोधला. मला तो सापडला नाही.

सहा. व्हरांड्यातली रुबेनची डोलखुर्ची मी फेर्मीन ब्रिटो याला देत आहे. मात्र ती जागेवरून हलवू नये. सामना असेल त्या दिवशी तिथे येऊन बसण्याचा हक्क त्याला तहहयात राहील आणि घराच्या मालकाने त्याला हरकत घेऊ नये.

नेल्सनने त्याच्याशी बोलावे अशी अट मी घरावर घातलेली नाही. घालणार होते, कागदही घेतला होता. पण सक्तीने म्हणवलेली प्रार्थना देव ऐकत नाही, असे सिस्टर इमेल्दा म्हणत, आणि घराच्या बदल्यात मागितलेला आशीर्वाद फेर्मीन घेणारही नाही. तेव्हा घर तुझे, बिनशर्त. फक्त एक विनंती. पहिल्या सामन्याला तो येऊन बसेल तेव्हा त्याला कॉफी नेऊन दे. पहिल्यांदा काही न बोलता परत आलास तरी चालेल, तेवढी मुभा नियमातच आहे. पण त्याच डावात दुसऱ्यांदा गेलास, तर मग कोणाला तरी बाहेर काढावे लागते. तेव्हा मनातल्या त्या रागालाच बाहेर काढ.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. लिच्यो आणि मिलाग्रोस यांना यातून वस्तू मिळत असल्याने ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. लिच्यो त्यावर नाराज आहे.

आम्हा दोघांसमोर बाईंनी पूर्ण शुद्धीत सही केली:
तेओफिलो ब्रायन, औषधविक्रेता. (माझ्या मते तो मुद्दाम गेला.)
ओनेइदा कोर्देरो, चर्चमधील ऑर्गनवादक. (माझ्या मते विसरला. सही मात्र खरी.)

एर्सिलिया पेगेरो
विया पाल्मार, १३ डिसेंबर २०१४, सांता लुसियाचा सण

साक्षीदारांसमोरच एवढी भर घालते: आम्ही सह्या करत असताना नेल्सन गॅरेजमधल्या कामावरून आला. मी त्याला डोलखुर्ची कुरकुरते एवढेच सांगितले. "कोण बसणार आहे तिच्यावर?" त्याने विचारले. त्याने थोडा वेळ रस्त्यापलीकडे पाहिले, मग तेलाचा डबा आणून चारही सांधे भरले आणि जाताना खुर्चीचे तोंड टीव्हीकडे वळवून ठेवले. ए. पे.