बजरंगच्या आरोळीखालचं गाणं

प्रिय अक्का,

पुन्हा तेच तुझं. 'जाऊ दे रे शिवा, आपलाच माणूस हाय.' बजरंग आपला माणूस कधीपासून झाला गं? वरातीत वाजवायची एक डीजेची गाडी त्याची. तू हौसेनं स्वतःचं गाणं पेनड्राइव्हमध्ये घालून दिलंस, अन् त्यानं दर कडव्याला 'बजरंग साउंड, गंगाखेड' अशी आरोळी मारून ठेवली. आता साऱ्या जिल्ह्यात ते बजरंगचं गाणं. गाणारी कोण, कुणी विचारत नाही. तुला त्याचं काहीच वाटत नाही, अन् मी इथं गोव्यात बसून चिडायलोय.

फोनवर हे बोलता येत नाही. दोन शब्द झाले की आई फोन काढून घेते अन् जेवलास का विचारते. म्हणून लिहायलोय. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, लावून घे.

तू पुण्याच्या क्लबात गायचीस तेव्हा मी एकदाच आलो होतो. दारावरच्या माणसानं माझी चप्पल बघून अडवलं, तर तू तशीच चमचमत्या कपड्यात बाहेर आलीस अन् हाताला धरून आत नेलंस. आपल्या शिवभजनातले टाळ तू त्या धडधडीत मिसळले होतेस. ज्यांनी जन्मात भजन ऐकलं नाही ती पोरं त्यावर घामाघूम होऊन नाचायली होती. ही माझी अक्का, असं मी शेजारच्याला सांगत सुटलो. त्या आवाजात त्याला ऐकू काय जाणार. मग आई आजारी पडली, तू घरी आलीस. आई बरी झाली, तू काही परत गेली नाहीस. दुकानात आप्पांच्या शेजारी बसून साखर तोलायलीस.

आता ऐक. मी ज्या क्लबात स्पीकर उचलतो तिथं गेल्या शनिवारी तुझं गाणं वाजलं. कुठून कुठून फिरत आलं कोण जाणे. सगळे नाचायले होते, मधेच बजरंग ओरडला, तर गोऱ्या पोरीसुद्धा हात वर करून 'गंगाखेड, गंगाखेड' करायल्या. गाणं लावणाऱ्या पोराला म्हणलं, ही माझी बहीण. तो म्हणाला, तुझ्या बहिणीचं नाव बजरंग आहे का. लय हसले सगळे. मग मोबाइलमधला तुझा पुण्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्यानं स्वतःच मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, आरोळी नसलेलं रेकॉर्डिंग आण, सीझनमध्ये एक शनिवार तिला देऊन बघू.

मूळ गाणं तर तुझ्या बिघडलेल्या लॅपटॉपात गेलं, अन् पेनड्राइव्ह बजरंगनं कधीच हरवला. म्हणजे पुन्हा गावं लागणार. हे सांगायला फोन उचलला, तर तुझा मेसेज आलेला: पाथरीचं स्थळ चांगलं आहे, फक्त लग्नानंतर गाणं नको म्हणतात. फक्त म्हणे. साखरेचा भाव सांगावा तसं लिहिलंस.

परभणीच्या स्टुडिओवाल्याशी मी बोललोय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाथरीला हो म्हणायचं तर खुशाल म्हण. मी येईन, पंगतीत वाढीन, तोंड पाडून बसणार नाही. पण त्याआधी एकदा ते गाणं नीट गा, अन् मधे बजरंगासारखंच ओरड: महेश्वरी, गंगाखेड. आप्पांनी तुझं लग्न ठरवायच्या कुंकवाच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडे पैसे मागितले होते. ते त्यांना पाठवले नाहीत. विचारलं तर माझं नाव सांग.

तुझाच भांडखोर,
शिवा

ता. क. तुझ्या खात्यावर टाकलेत. अठरा हजार.