दिवा पिठाच्या डब्यात आहे

ता. ४, मंगळवार

चिरंजीव भाऊजी,

आशीर्वाद. राग आला तरी ते द्यायचे असतात म्हणून देते. आम्ही ठीक, तुम्ही ठीक असालच. आता तो तुमचा दिवा येऊन घेऊन जा. मला तो घरात नको. फोनवर हे सांगितलं असतं, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि उचललात तरी दोन खोल्यांच्या घरात यांचे कान माझ्या तोंडाला चिकटलेले असतात. यांची पाठ मोडली, कान शाबूत आहेत. म्हणून चौथीत सुटलेलं पेन हातात धरून स्वयंपाकघरात बसले आहे. अक्षराला हसायचं नाही.

दिवा चालत नाही म्हणून परत करतेय असं वाटलं का? चालतो. तेच तर दुखणं आहे. चालायचा थांबतच नाही मेला!

तुम्ही त्या दिवसांत इकडे फिरकला नाहीत, म्हणून सांगते कसं होतं. हे शिडीवरून पडले, त्यानंतर उताणेच. मान वळवली की कळ यायची, टीव्ही बघायची सोय नाही. त्यांच्या दोस्ताने, त्या रंगाऱ्याने, कुठल्याशा शिकवणीच्या वर्गात अडगळीत पडलेला प्रोजेक्टर आणून दिला. मी तो स्टुलावर तोंड वर करून उभा केला. चित्र थेट छतावर. पंख्याची पाती मधे यायची म्हणून पंखाच उतरवून घेतला. आम्ही उकाड्यात बसलो, पण तुमच्या दादांना सिनेमा दिसला.

त्यातला जुना दिवा एक सिनेमा कसाबसा काढायचा. मग तापायचा, तांबडं बटण लुकलुकायचं आणि छत काळं. तो निवेपर्यंत करायला दुसरं काही नाही, मग हे निमूट व्यायाम करायचे. हा पाय, तो पाय, या कुशीवर, त्या कुशीवर. मला शिव्या घालत, पण करायचे. मी मनातल्या मनात त्या तापट दिव्याचे आभार मानायचे.

तो एक दिवस ठप्पकन फुटला. तसला दिवा आता कुणी बनवत नाही म्हणे. झालं, यांनी तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही रंगाऱ्याबरोबर मशीन मागवून घेतलंत. नीट केलंत. इथवर ठीक. काच फुटेल म्हणून बसने स्वतः घेऊन आलात, तेही ठीक. आणि मग काय केलंत? दाराशी खोकं ठेवलंत, बेल वाजवलीत आणि पळालात! मी दार उघडते तो जिन्यात चपलांचा फटफटाट. गॅलरीत धावले तर तुमची पाठ कोपऱ्यावरून वळतेय. ती चाल मी शंभर माणसांत ओळखेन. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला शाळेत सोडायला मीच जात होते. पेलाभर पाणी पिऊन तरी जायचं होतं.

आता हा तुमचा नवा दिवा. मी उघडून बघितला. आत नखाएवढा पिवळा चौकोन, त्याच्या पाठीला कॉम्प्युटरमधला पत्र्यांचा ठोकळा, त्यावर चिमुकला पंखा, पुढे भिंग, आणि सगळं पट्टीने आवळलेलं. शिवाय मशीनला फसवायला एक वायर, म्हणजे त्याला वाटत राहावं की आपला जुना दिवाच पेटलाय. हे यांनी मला असं काही फुशारकीने समजावलं, जसं काही स्वतःच घडवलंय.

तो तापत नाही. दमत नाही. सकाळी दात घासले की छत सुरू. जेवताना छत. दुपारी छत. व्यायाम करा म्हटलं की, "थांब गं, एवढं संपू दे." संपतं कुठे? एक संपलं की दुसरं लावतात.

व्यायाम घ्यायला बाई येतात त्या परवा स्पष्ट म्हणाल्या, हाड जुळलंय, आता यांना बसतं करून खुर्चीत आणायचं. असेच पडून राहिले तर पाठ आखडेल ती कायमची. यावर तुमचे दादा काय म्हणाले सांगू? छताकडे बोट केलं आणि म्हणाले, "मला इथून सगळं दिसतंय की!"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय सांगू त्यांना? माझ्या दिराने दिवा फार चांगला केलाय म्हणून?

तेव्हा घेऊन जा. घेऊन जा म्हणजे येऊन घेऊन जा. रंगाऱ्याला पाठवायचं नाही.

तुमची वहिनी


ता. ११, मंगळवार

भाऊजी,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवलेत. कशावर अवलंबून आहेत ते खाली वाचा.

माझ्या पत्राला उत्तर म्हणून काय आलं, तर पार्सल! उघडते तो आत दिव्यावरचा नवा चिमुकला पंखा आणि चिठ्ठी. "वहिनी, याने आवाज कमी होईल. लाल वायर लालला जोडा." मी आवाजाबद्दल एक अक्षर तरी लिहिलं होतं का हो? माझा माणूस अंथरुणातून उठत नाही म्हणून कळवलं, तर तुम्ही पंखा पाठवता. उद्या घराला आग लागली म्हणून कळवलं तर भिंग पाठवाल.

दिव्यापाठोपाठ आलेली आधीची सगळी पार्सलंही मीच बसवली. तुम्ही तिकडून फोनवर यांना सांगणार, हे उताणे पडल्या पडल्या मला सांगणार, आणि मी जमिनीवर बसून स्क्रू पिळणार. "डावीकडचा गं." "तुमच्या डावीकडचा की माझ्या?" "दिव्याच्या!" दिव्याला डावं-उजवं असतं हे मला या वयात कळलं. माझी बोटं सोलली, पण दर वेळी यांचं पालुपद एकच. तुम्हाला फोन करायचा आणि सांगायचं, "अरे, आधीपेक्षा बरंय, पण अजून जरा अंधुक आहे." की लागलात तुम्ही पुढच्या पार्सलाला.

पंखा आला त्या दिवशीही तेच. मी दारात उभी होते. फोन ठेवल्यावर म्हटलं, "अंधुक कुठाय हो? काल खालची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवत होतात मला."

"कोपऱ्यात आहे जरा."

"कुठल्या कोपऱ्यात? दाखवा."

बोट वर गेलं, फिरलं, खाली आलं. मग हळूच म्हणतात, "चांगला झाला म्हटलं तर तो पुन्हा फोन कशाला घेईल माझा?"

ऐकलंत? हा तुमचा थोरला भाऊ. आणि तुम्ही त्याचे धाकटे. एकाने खोटं बोलायचं, दुसऱ्याने खोटंच दुरुस्त करत बसायचं, आणि मधल्या मधे हमाली वहिनीची. अंगाची नुसती लाही झाली माझी. मी प्लग उपसला, झाकण उघडलं, स्क्रू काढले. आता येतं मला, तुमच्याच पार्सलांनी शिकवलं. दिवा ठोकळ्यासकट बाहेर काढला, फडक्यात गुंडाळला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. हे ओरडतायत, "अगं, पीठ जाईल त्यात, वाया जाईल!" मी म्हटलं, "माणूस वाया चाललाय त्याचं बघा."

दोन दिवस घरात अबोला. कोऱ्या छताकडे बघत पडले होते. व्यायाम मात्र केला, रागाने का होईना. काल बाई आल्या. आम्ही दोघींनी मिळून यांना कुशीवर घेतलं, उचललं, आणि पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं. भाऊजी, कितीतरी दिवसांनी मी यांचं तोंड समोरून बघितलं. रोज वरूनच बघते ना. मला वाटलं, आता काहीतरी चेष्टा करतील माझी.

यांनी खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी माझा खांदा असा आवळला की वळ उठले. "निजव मला. निजव आधी. खाली फार खोल आहे."

गुडघ्याएवढा पलंग आमचा. उंच छतांच्या हॉलमध्ये शिडीच्या टोकावर चढून दिवे लावत जन्म काढलेला माणूस, आणि त्याला गुडघाभर उंची खोल वाटते! कपाळावर घाम. निजवलं. बाई म्हणाल्या, "मागून भक्कम धरणारा कुणी पुरुष हवा. म्हणजे धीर येईल. पुढच्या बुधवारी खुर्ची आणते, बरोबर माझा माणूसही आणते."

"तुमचा माणूस नको," हे म्हणाले. "आमचा धाकटा धरेल तर बसेन. नाहीतर नाही."

बाई जाईपर्यंत मी दम धरला. मग सुटलेच. "तुम्ही वर असताना ज्याने शिडी सोडली, त्याच्याच हातात पाठ द्यायची तुम्हाला? दुसरं कुणी उरलं नाही जगात?"

छताकडे बघत राहिले. वर काही नव्हतंच बघायला, म्हणून असेल, बोलले. म्हणाले, "त्याने सोडली नाही. मीच सोडायला लावली. वर वायर चुरचुरत होती. त्याला म्हटलं, जा, मेन बंद करून ये. तो म्हणाला, दादा, आधी खाली उतर. मी म्हटलं, सोड रे, मी काय आज चढतोय का शिडीवर?"

आणि हे कधी सांगतायत मला? काल! एवढे दिवस मूग गिळून. म्हणे, माझीच मिजास नडली हे कसं सांगणार? त्यांचं मी त्यांच्याशी बघून घेतलं, भिंतीपलीकडच्या शेजारणीनेही ऐकून घेतलं.

पण तुमचं काय? दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तुम्ही खाली मान घालून ऐकत होतात. तोंड शिवलं होतं का? "वहिनी, मला दादाने पाठवलं होतं," एवढं एक वाक्य! लहानपणी पाटी फुटली तर रस्ताभर भांडून मला पटवायचात की तुम्ही फोडली नाही. तो भांडकुदळ कुठे गेला? भावाची लाज झाकायला निघालात आणि स्वतःलाच झाकून बसलात. वर बेल वाजवून पळता. कुणापासून पळता? माझ्यापासून? मग माझ्यासमोर येऊन मला चार शब्द ऐकवायचे. मी ऐकले असते. नसते ऐकले, तरी भांडण झालं असतं. पार्सलाशी काय भांडू मी?

दिवा चांगला झालाय. हेही आता सांगून टाकते, कारण यांच्याकडून ते तुम्हाला कधी कळायचं नाही. झाकपाक झाली की मीही यांच्या शेजारी खाली सतरंजी टाकून पडायचे. एकदा यांनी समुद्र लावला. नुसता समुद्र, गोष्ट नाही, गाणं नाही. अख्खं छत निळं, आणि त्याचा उजेड यांच्या तोंडावर, भांड्यांवर, माझ्या हातांवर. ते बंद झालं तेव्हा मला एवढंच वाटलं की उद्या पुन्हा यांना एकटीने उचलायचंय. माझे हात दुखतात, भाऊजी. हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हालाही सांगत नव्हते, लिहून गेलं.

असो.

बाई खुर्ची घेऊन पुढच्या बुधवारी, १९ तारखेला येतील. याही वेळी यांनी नाही म्हटलं तर त्या यायच्या थांबतील, तसं बजावून गेल्यात, आणि त्यांचंही बरोबर आहे. तुम्ही मंगळवारीच यायचं. बेल वाजवायची आणि दार उघडेपर्यंत दारातच उभं राहायचं. मी काही बोलले तर उलट बोलायचं. बुधवारी यांच्या पाठीमागे बसून दोन्ही काखांतून धरायचं. आणि एक लक्षात ठेवा. हे म्हणतील, "सोड रे, मी बसतो." तसं म्हणायची खोड आहे त्यांना. बाई सांगेपर्यंत सोडायचं नाही.

खुर्चीत बसले की पिठाचा डबा उघडेन. तुमच्या हाताने दिवा बसवा, मशीन स्टुलावर आडवं करा आणि चित्र समोरच्या भिंतीवर पाडा. भिंत मी पुसून ठेवली आहे. छताचा पंखाही पुन्हा टांगायचाय.

येणार की नाही, हे मला सोमवारच्या संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे. माझ्या फोनवर, तुमच्या तोंडाने. यांच्या फोनवर केलात तर ते पुन्हा अंधुकाचं रडगाणं लावतील. पार्सल आलं तर दारातून परत पाठवीन.

कोऱ्या छताखाली वाट बघत,
तुमची वहिनी