मादाम नर्गिसची बाटली

अलेक्झांड्रिया, मंगळवार

आदरणीय बुसैनाताईस,

धाकट्या इन्शिराहचा सलाम आणि दोन्ही गालांचे मुके. तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि गच्चीवरची कबुतरं खुशाल असोत. (मागच्या वेळी कबुतरांची चौकशी राहिली, तर तू महिनाभर माझा फोन घेतला नव्हतास.) माझं विचारशील तर जेवते, झोपते, आणि घरात जिथे जाते तिथे वगदी नाही. बाकी ठीक.

शनिवारी माझे चार महिने दहा दिवस संपले. विधवेने या मुदतीत अत्तर लावायचं नाही, म्हणून मी साबणसुद्धा बिनवासाचा वापरला. (त्याने अंघोळ केली की आपण माणूस नसून धुऊन पालथी घातलेली बशी आहोत असं वाटतं.) आता पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, पहिल्यांदा वगदीच्या कबरीवर जायचंय, आणि जायचं तर 'मादाम नर्गिस' लावूनच. तुला माहीत आहे, डोळे गेल्यापासून नऊ वर्षं तो मला त्याच वासावर ओळखायचा. मी खोलीत शिरले की मान वळवून म्हणायचा, "आल्या का मादाम?" आता मी तशीच जाऊन उभी राहिले तर त्याला कळणार कसं कोण आलंय? त्याच्या रांगेत आणखी तीन विधवा येतात म्हणे.

तर शनिवारी संध्याकाळी कपाट उघडलं आणि बाटली रिकामी. सूनबाई रिहाम (देव तिला आयुष्य देवो, आणि उरलं तर थोडी अक्कल) शांतपणे म्हणाली की मोरीचा वास येत होता म्हणून तिने ते न्हाणीघरात शिंपडलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती स्वयंपाकघरात रडत होती. मी पाहिलं, आणि तरी बोलले नाही.

रविवारी ट्रामने मनशियाला गेले. अत्तराच्या जुन्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथला माणूस म्हणाला, तो कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत होतो. (त्याचे केस पिकलेत.) मग बायकांच्या गल्लीत अत्तरं मिसळून देणाऱ्या खलाफकडे गेले. तळाशी एक थेंब असता तरी हुबेहूब बनवून दिलं असतं म्हणाला, पण थेंब मोरीत. मग वर्णन करा म्हणाला. मी सांगितलं, आधी नर्गिसाचा वास येतो, मग पावडरचा, आणि मग कुणाच्या लग्नाला जायला उशीर झाला म्हणून वगदी जिन्यात किल्ल्या वाजवत उभा असतो. त्याने हातातली कुपी खाली ठेवली. म्हणाला, "हाज्जा, नर्गिस देतो, पावडर देतो. जिन्यातला नवरा कुठून आणू?"

तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत सतरा नमुने लावले. मध्येमध्ये नाक ताळ्यावर यावं म्हणून कॉफीच्या बिया हुंगायला देत होता. शेवटी मला कॉफीसुद्धा ओळखू येईना. परतताना ट्राममध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून उभ्या राहिल्या, म्हणजे ऐसपैस बसायला मिळालं खरं. पण जिन्यात उम्म वफीक भेटली. तुला ती माहीत आहे, समोरची, जिचं नाक तिच्या आधी घरात शिरतं. तिने मला हुंगलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मुदत संपून एकच दिवस झाला ना? हरकत नाही. माझा भाऊ कस्टममधून निवृत्त झालाय. सगळे दात स्वतःचे आहेत."

मी दार लावून घेतलं आणि ताई, चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. हसत हसत वगदीला सांगायला वळले. खुर्ची रिकामी होती. मग हात धूत बसले, पण त्या सतरांपैकी एकही वास जाईना.

रिहामचा भाऊ उद्या मन्सूराला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते.

तुझी,
इन्शिराह

ता. क. : तुझ्या कपाटात हिवाळी शालीच्या घडीत 'मादाम नर्गिस'ची अर्धी बाटली आहे. ब्याण्णव साली तू ती एका लग्नापुरती माझ्याकडून नेली होतीस. मी आजवर काही बोलले नाही. आता पाठव.

आणखी एक ता. क. : नको पाठवूस. चष्मा सापडेना म्हणून हे पत्र रिहामकडून वाचून घेतलं. (वर तिच्या अकलेबद्दल लिहिलंय ते विसरले होते. ती तिथे थांबली, आणि मग पुढे वाचत राहिली.) मग मला राहवलं नाही. ताई, माझी बाटली दोन वर्षांपूर्वीच संपली होती. मी तीत न्हाव्याकडचं लिंबाचं कोलोन भरून ठेवत होते. रिहामने मोरीत शिंपडलं ते तेच. तो बिचारा रोज मान वळवून "आल्या का मादाम?" म्हणायचा आणि मला वाटायचं, मी एका आंधळ्याला फसवतेय. निदान कबरीवर तरी खरं लावून जावं म्हणून ही सगळी पायपीट. हे सांगितलं तर रिहाम म्हणाली, "बाबांना माहीत होतं. मला म्हणाले होते, घरात न्हावी फिरतोय, पण तिला सांगू नकोस."

तेव्हा बाटली राहू दे, तू ये. पुढच्या बुधवारच्या गाडीने ये, गुडघ्याला पट्टा बांधून ये. कबुतरांना शेजारीण दाणे घालील. मी तिथे जाऊन उभी राहीन आणि तो काहीच म्हणणार नाही, ते मला एकटीने ऐकवणार नाही.