माझ्या पायाच्या लायकीचा क्लच

३ फेब्रुवारी
क्लच गेला. वर्षात दुसऱ्यांदा. चौथ्या गिअरमध्ये टर्बोने जोर धरला की इंजिन किंचाळतं आणि गाडी विचार करत बसते. जळका वास वेगळाच.

मामाने (आईचा भाऊ. स्वतःचं गॅरेज, स्वतःची मतं) गाडी आत घ्यायच्या आधीच सांगितलं, क्लचची प्लेट जळली. मग विचारलं, मॅडम, चालवता तरी कशा? मी म्हटलं, जपून. तो हसला. हसण्यालाही ग्रीसचा वास.

वास्तविक चूक त्याची. टर्बो बसवून इंजिनाची ताकद वाढवली आणि क्लच ठेवला कंपनीचाच. पैलवानाला तान्ह्या बाळाचं टोपडं.

निश्चय: या वेळी क्लच मी निवडणार. अभ्यास करून.

४ फेब्रुवारी
दर वर्षी दादा मामाच्या गॅरेजतर्फे हीच गाडी रेसला नेतो. सरळ रस्ता, दोन गाड्या, हिरवा दिवा, आधी पोचेल तो जिंकला. यंदा दादा बोटीवर नोकरीला आहे. सीट रिकामी. मामाने आज जेवताना जाहीर केलं की १ मार्चला मी आणि वहिनी, दोघींनी एकेक फेरी मारायची. जिची गाडी धड सुटेल तिला वर्षभर सीट.

वहिनी! दादाची बायको म्हणून मान ठेवते, पण ती शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. गाणी म्हणत. गिअर टाकला की तिचा डावा पाय बाजूला जाऊन सोफ्यावर पडल्यासारखा पडतो, मी स्वतः पाहिलंय. माझा पाय कायम क्लचवर. तयारीत. सिग्नलला मी गिअरही काढत नाही. रेस थोडी चढवून, हाफ क्लचवर गाडी धरून उभी राहते. दिवा कधी हिरवा होईल याचा भरवसा नसतो. दक्षता म्हणजे काय हे या घरात कुणाला ठाऊक नाही.

लहानपणापासून दादाच्या प्रत्येक फेरीला घड्याळ मी धरलं. सगळे मला घड्याळवाली म्हणूनच ओळखतात. पुरे झालं. सीट मला हवी.

६ फेब्रुवारी
आईच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवी बॅच. ऑफिस म्हणजे आमची पुढची खोली, आणि शिकवायची गाडी फाटकात. तिला दोन्ही बाजूंना पेडलं आहेत. आज एक चांगला टायवाला माणूस फाटकातच गाडी चार वेळा बंद पाडून घामाघूम झाला. आई शांतपणे म्हणत होती, हं, परत.

मी खिडकीतून बघत होते. कीव आली.

मी शिकताना गाडी एकदाही बंद पडली नाही. स्कूलच्या इतिहासात असं उदाहरण एकच. पाय इतका हलका, की मी दाबायच्या आधीच पेडल आपसूक खाली जायचं. परीक्षेलाही पहिल्याच खेपेला पास. परीक्षक मागे, आई शेजारी. काही गोष्टी रक्तातच असतात. दादाच्या रक्तात थोड्या कमी असाव्यात, त्याने सुरुवातीला फाटक पाडलं होतं.

९ फेब्रुवारी
अभ्यास पूर्ण. डोळे सुजले.

मामाचं मत: साधी लायनिंगची प्लेट, फक्त तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जरा कडक. रस्त्यावरही चालेल, रेसलाही चालेल. असली मधली मतं मला आवडत नाहीत. ज्यांना कुठेच जायचं नसतं ते मध्ये थांबतात.

माझं मत: सिरॅमिक. तोही दुहेरी प्लेटचा. इंजिनाच्या दुप्पट ताकद पेलेल असा. पुढेमागे ताकद वाढली तर?

दुकानदाराने विचारलं, गाडी रोजच्या वापराची का? मी म्हटलं, हो. म्हणाला, मग हा नका घेऊ, हा एक तर धरतो, नाही तर सोडतो, मधलं काही नाही. मी म्हटलं, मीसुद्धा तशीच आहे. त्याने लगेच हिशोबाची चिठ्ठी फाडून दिली. माल विकायची कला नाही माणसात.

१२ फेब्रुवारी
बसवला. मामा दिवसभर गाडीखाली, आणि दिवसभर टोमणे. संध्याकाळी म्हणाला, मॅडम, पेडल दाबून बघा, पायाला वजनं बांधून आलात ना?

दाबलं. पहिल्या दाबात गेलं नाही. पाठीमागे उशी घेतली. गेलं. हाच तर पुरावा की वस्तू अस्सल आहे.

गाडी नुसती उभी असताना खालून पातेल्यांचं कपाट हलवल्यासारखा आवाज येतो. शेजारीण बाहेर येऊन पाहून गेली. अज्ञान.

१४ फेब्रुवारी
आईला दवाखान्यात सोडायचं होतं, म्हटलं चल माझ्या गाडीतून. प्रत्येक सिग्नलला गाडी बेडकासारखी सुटली. दोनदा बंद. आईचा चष्मा पायाशी पडला. मी समजावलं की हे रेसचं लक्षण आहे, जातिवंत घोडा आधी उड्याच मारतो. आई म्हणाली, हो गं बाई, पण मला दाढ दाखवायचीय, पाडून नाही घ्यायची.

एक निरीक्षण: शेजारच्या सीटवर बसून आई डाव्या पायाने सारखी रिकामी जमीन दाबते. त्या जागेची मॅट झिजून भोक पडलंय. वयाबरोबर पायांना नको त्या सवयी लागतात.

१५ फेब्रुवारी
डावी पोटरी दगड. जिना बसत उतरले.

१७ फेब्रुवारी
गोदामामागच्या मोकळ्या जागेत सराव. माझ्या तीन सुरुवाती झाल्या. पहिली बंद. दुसरी उडी मारून बंद. तिसरी सुटली, धुरासकट. धूर दिसायला छान होता.

मग वहिनी बसली. तिचीही पहिली बंद पडली (नोंद करून ठेवते). पण ही बाई मोठ्याने हसली, म्हणाली, अगं, काय राक्षस आणलायस, आणि दुसऱ्या वेळी सरळ निघून गेली. उघड आहे, तोपर्यंत क्लच मी तापवून दिला होता. आभार मानायची पद्धत नाही आमच्याकडे.

२१ फेब्रुवारी
वास.

नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा असेल.

२२ फेब्रुवारी
माझ्याच गाडीचा.

मामाने गिअरबॉक्स उतरवला. प्लेटा निळ्या पडलेल्या. त्या बाकावर ठेवून तो माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत बसला. बूट काढा म्हणाला. डावा. मग उजवाही. तळ उलटे करून दाखवले. उजव्याच्या रेघा शाबूत, डावा आरशासारखा गुळगुळीत. म्हणाला, मॅडम, हा क्लच आहे, पाय ठेवायचा पाट नाही. पाय नुसता टेकला तरी प्लेट घासते. तुम्ही दिवसभर तिला अर्धवट धरून ठेवता, ती बिचारी करेल काय?

मी सांगितलं की मालात दोष आहे. आणि बूट स्वस्तातले आहेत.

तो म्हणाला, दुप्पट ताकदीचा आणलात, चौपट आणा, तोही जाळाल.

चौपटचा मिळतो का, चौकशी करायला हवी.

२५ फेब्रुवारी
नवा मागवायला वेळ नाही. मामाने मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. आत साधी लायनिंगची प्लेट आणि कडक प्रेशर प्लेट. खोक्यावर धूळ. म्हणजे पहिल्या दिवसापासून आणून ठेवलेलं. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, सांगितलं होतं.

पेडल लोण्यासारखं. मला संशय येतो.

लायनिंग नवी, म्हणून रेसपर्यंत गावातल्या गावात सावकाश फिरवून बसवायची आहे. मामाने ते काम वहिनीला दिलं. मी काही बोलले नाही. माझं गप्प बसणं त्यांच्या लक्षात आलं नाही.

२८ फेब्रुवारी
उद्यासाठी निश्चय:
घाबरायचं नाही.
पाय क्लचवर टेकवायचा नाही (मामाचं समाधान म्हणून).
वहिनीला नंतर मोठ्या मनाने घड्याळ धरायला द्यायचं.

१ मार्च
माझी फेरी आधी. बाजूच्या लेनमध्ये मिशीवाला, जुन्या डब्यासारखी गाडी घेऊन. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हिरवा दिवा. मामाच्या सांगण्याप्रमाणे पाय उचलला. सगळा. एकदम.

बंद.

सुरू केली. बंद. मिशीवाला पोचला. पुन्हा सुरू केली, बंद. मिशीवाला शेवटच्या टोकाला गाडीतून उतरून माझी वाट बघत उभा राहिला. शेवटी चार माणसांनी मला ढकलत बाजूला नेलं. त्यातला एक म्हणाला, ताई, न्यूट्रल करा. केलं.

मग वहिनी. हिरवा दिवा, टायरची एक बारीक किंकाळी, आणि गेली. बस्स, एवढंच. गाणं म्हणत होती की नाही, काच वर होती, ऐकू आलं नाही. घड्याळ माझ्याच हातात होतं. चालू करायचं राहून गेलं.

मामा वहिनीकडे चालत गेला. टोमणासुद्धा नाही.

कठड्याशी आई उभी होती. मी तिला म्हटलं, हा क्लच खराब आहे, तूच सांग मामाला. शिकताना माझी गाडी एकदा तरी बंद पडली होती का?

आईने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, बाळ, क्लच मी दाबत होते.

मी म्हटलं, कधी?

म्हणाली, नेहमी. पहिल्या दिवशी गाडी बंद पडेल या भीतीनेच तुला रडू फुटलं, जेवली नाहीस. म्हटलं, थोडे दिवस आपण दाबू, मग येईल हळूहळू. मग तू इतकी खूष होतीस की सोडवेना. परीक्षेच्या दिवशीसुद्धा माझा पाय सुटला नाही.

मी विचारलं, अजूनही?

तिने डावा पाय मागे घेतला. मला मॅटचं भोक आठवलं.

२ मार्च, सकाळ
स्कूलच्या गाडीत. पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी. माझ्यानंतर टायवाल्याचा नंबर, तो फाटकाशी उभा.

आईने चपला काढल्या आणि शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन चक्क मांडी घालून बसली. दोन्ही पाय मला दिसत होते.

पेडल आपसूक खाली गेलं नाही. मी दाबलं. हळूहळू सोडलं.

बंद.

टायवाला खिडकीतून आपुलकीने म्हणाला, होतं असं सुरुवातीला.

या गाडीचा क्लच फार कमकुवत आहे. मामाला सांगून इथेही सिरॅमिकचा

आई म्हणाली, ते मग लिही. हं, परत.