दुसऱ्या नजरेची सही

मंगळवार, ४ फेब्रुवारी

"त्या ताई नाहीत का आज?"

आजचं हे तिसरं गिऱ्हाईक. मी समोर उभा, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि त्यांना मी दिसलोच नाही. म्हटलं, जेवायला गेल्यात, बसा. तर बसले की! वीस मिनिटं बसून राहिले, पण मला एका शब्दाने विचारलं नाही.

एकवीस वर्षं या दुकानात कॉम्प्युटर जोडतोय. ताईंना येऊन चार महिने झालेत. तोंडावर नावाने हाक मारतो, पण या वहीत आणि घरी हिच्याशी बोलताना ती 'नवी'. चौतीस वर्षांची आहे, म्हणजे तशी नवीही नाही. पण माझ्यापुढे नवीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं — वरचा मजला घेतलाय. तिथे फक्त मोठ्या मशीनचं काम. गाणंवाले, सिनेमावाले, नकाशेवाले, अशा लोकांचं. पंधरा मार्चला उघडायचं. "आणि प्रमुख बाहेरून आणणार नाही. तुमच्यातलाच कुणीतरी."

तुमच्यातलाच म्हणाले आणि नवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पण आधी नवीकडे!

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, तुम्हालाच देतील. दुसरं आहे कोण?" मी म्हटलं, नवी आहे. तर ही हसायला लागली. "दोन महिने झाले, रोज जेवताना तिचंच पुराण. आता तिला एकदा जेवायलाच बोलवा."

मला हसू आलं नाही. ती वर गेली तर मी तिच्या हाताखाली. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला विचारायचं, हा पंखा लावू का तो लावू!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज एक नकाशेवाले तणतणत आले. "माझ्या मुलाच्या स्वस्तातल्या डब्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे. तुमच्या सगळ्यात महागड्या मदरबोर्डात दोन्ही नाही. ही काय थट्टा?"

हा प्रश्न महिन्यातून चारदा येतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवी म्हणाली, "तयार कपाट आणलं की त्याला आरसा चिकटवलेलाच असतो, हो की नाही? पण सुताराकडून कपाट करून घेतलं, तर तो आधी विचारतो — आरसा हवा का, कुठे हवा, केवढा हवा. हे सुताराचं कपाट आहे."

नकाशेवाले हसले. मग चहा प्यायले. मग दोन मशीनची ऑर्डर दिली.

अरे, हे मला ठाऊक नाही का? एवढं मोठं मशीन घेणारा माणूस भिंतीतून केबल ओढतो, कारण मोठमोठ्या फायली हवेतून पाठवल्या की मध्येच अडखळतात. वायरलेसची जातही दर तीन-चार वर्षांनी बदलते, बोर्ड मात्र दहा वर्षं चालतो. मग जुनं कशाला कायमचं गळ्यात बांधून घ्यायचं? हवं त्याने वेगळं कार्ड बसवावं. पेटी पत्र्याची, म्हणजे अँटेना बाहेर काढावीच लागते. काही प्रयोगशाळांत तर वायरलेसला बंदीच असते, ते लोक मुद्दाम बिनवायरलेसचाच मागतात. सगळं ठाऊक आहे मला! वीस वर्षं हेच सांगतोय. पण माझं ऐकून कुणी चहा प्यायला थांबलं नाही.

मालक तिला म्हणाले, "आरशाचं छान सांगितलंस." दिवसभर नाकाला मिरच्या झोंबत होत्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गाण्याच्या बाई आल्या होत्या. साठ-पासष्टच्या असतील, केस पांढरे, मानेवर सैल अंबाडा. घरी गाणं शिकवतात. तीस वर्षांत जितकी मुलं शिकून गेली, त्या सगळ्यांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलंय. ते साफ करायचं, नीट लावायचं. म्हणाल्या, "सगळ्यात उत्तम द्या. आयुष्यात एकदाच घेणार आहे."

ऑर्डर अर्थातच नवीने घेतली. मी मागच्या टेबलावर पंखा साफ करत बसलो होतो.

बाईंनी जुना लॅपटॉप उघडून दाखवला. एक गाणं लावलं. खोलीत आवाज काही आला नाही, आणि बाई मात्र मान डोलावतायत. नवी स्क्रीनवरचे आकडे उतरवून घेत होती, तिने वर बघितलंच नाही. मी बघितलं. केसांच्या आड, कानामागून आत जाणारी बारीक पारदर्शक तार. दोन्ही कानांना. माझ्या बाबांनी आठ वर्षं श्रवणयंत्र लावलं, मला ती तार रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते. म्हणजे लॅपटॉपमधलं गाणं ब्लूटूथने थेट कानात जात होतं.

नवीने विचारलं, "इंटरनेट केबलने आहे ना घरी?" बाई म्हणाल्या, हो. नवीने सगळ्यात वरचा बोर्ड लिहिला. ब्लूटूथ नसलेला.

मी थांबलो. म्हटलं आता विचारेल, आता विचारेल. आरशाचा दाखला देणारी ती! नाही विचारलं. बाई पावती घेऊन गेल्या.

मीही काही बोललो नाही. उद्या सांगू.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं नाही. मला कुणी विचारलं का?

सोमवार, १७ फेब्रुवारी

आमच्या दुकानात एक रीत आहे, मालकांच्या वडिलांपासूनची. मशीन जोडणारा एक, तपासणारा दुसरा. त्याला आम्ही 'दुसरी नजर' म्हणतो. दुसऱ्या नजरेची कागदावर सही झाल्याशिवाय पेटी दाराबाहेर जात नाही. बाईंच्या मशीनला दुसरी नजर माझी आली.

काम बघितलं. खोटं कशाला लिहू, सुरेख केलंय. आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या. पंख्याचा आवाज नाही. ते बघून जास्तच डोक्यात गेलं.

कागदावरचा शेवटचा रकाना — 'गिऱ्हाईकाच्या गरजेचं काही राहिलं आहे का?' पेन हातात. नवी शेजारीच उभी होती, म्हणाली, "काही चुकलंय का दादा? सांगा हं, मी लगेच करते." ब्लूटूथचा नखाएवढा रिसीव्हर आपल्याच खणात पडून असतो. दोन मिनिटांचं काम.

'नाही' लिहिलं. खाली सही केली.

मनाशी हिशोब असा — बाई आठ दिवसांत भांडत येतील. मालकांसमोर भांडतील. दोन्ही कानांत यंत्रं, आणि ताईंना दिसली नाहीत, हे मालकांना कळेल. मग मी खणातून रिसीव्हर काढून देईन. बाईंचं नुकसान काय? चार दिवसांचा खोळंबा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मशीन गेलं.

शनिवार, १ मार्च

बाई अजून आल्या नाहीत. फोन नाही, तक्रार नाही. रोज दार वाजलं की मी मान वर करतो.

कदाचित भाच्याने किंवा शेजाऱ्याने काहीतरी जोडून दिलं असेल. म्हणजे माझा डाव वाया! असं वाटलं, आणि मग वाटलं, हे काय लिहितोयस तू. पण वाटलं ते वाटलं.

नवीला आज वरच्या मजल्याची मापं घ्यायला पाठवलं. तिला. मी खाली पॉवर सप्लाय उघडून बसलो होतो, आणि वरून मालकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मापं घेण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं?

गुरुवार, ६ मार्च

ही विचारते, "जेवणात लक्ष का नाही?" म्हटलं, काही नाही. म्हणाली, "नवीचं काही कळलं नाही का आज?" तिला गंमत वाटते.

सोमवार, १० मार्च

बाईंचा फोन आला. नवीने घेतला. मी कान टवकारून बसलो. म्हटलं, आला एकदाचा!

नवी नुसती "नाही हो बाई", "असं कसं" म्हणत होती. फोन ठेवला आणि मालकांकडे गेली. बाईंना मशीन विकायचंय. तक्रार काही नाही. म्हणाल्या म्हणे, "मशीन उत्तम आहे, पण मला आता त्याचा उपयोग नाही. कुणी गरजू असेल तर बघा."

मालक मला म्हणाले, "दुसरी नजर तुझी होती ना? उद्या दोघं जा. बघून या काय झालंय."

मंगळवार, ११ मार्च

हे सगळं लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी ते मनातल्या मनात सोपं करून टाकीन.

बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतीला तंबोरा, खाली सतरंजी घडी करून ठेवलेली. मशीन टेबलावर, त्यावर टॉवेल घातलेला. बाईंनी चहा दिला आणि माफी मागितली. आमची! "तुम्हाला उगाच त्रास. मशीनचा काहीच दोष नाही. माझेच कान गेले."

गाणं स्पीकरवर लावलं की त्यांना सगळं गढूळ ऐकू येतं. जुन्या लॅपटॉपवर साफ यायचं. तो भाच्याने जोडून दिला होता, आणि मशीन आल्यावर भाचाच तो लॅपटॉप घेऊनही गेला. गाणं थेट कानातल्या यंत्रात येत होतं हे बाईंना माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण ऐकतोय. मग एवढ्या भारी मशीनवर ऐकू येत नाही म्हणजे दोष कुणाचा? कानांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने तपासलं, म्हणाला, वयाप्रमाणे थोडं उतरलंय. बाईंना तेवढं पुरलं. समोर गाणाऱ्या मुलांचा सूर तरी आपल्याला खरा कळतोय का, अशी शंका घेत बसल्या.

"मुलांना सांगितलं, आता येऊ नका. गुरूलाच सूर कळेना, तर शिकवायचं काय? आठ मुलं होती. मागच्या आठवड्यात बंद केलं." त्या हे अगदी साध्या आवाजात सांगत होत्या. सतरंजी का घडी केलेली ते मला तेव्हा कळलं.

नवीने तेव्हा पहिल्यांदा बाईंच्या कानाकडे बघितलं. तिचा चेहरा पडला. तिने बॅग उलटी केली, रिसीव्हर समोर पडला तरी तिला सापडेना, म्हणून तो मी लावला. मागे लावला तर पत्र्याच्या आड जातो, म्हणून जोडवायरीने टेबलावर घेतला. यंत्राशी जोडला. दोन मिनिटं लागली. मी म्हटलं होतं तेवढीच.

बाईंनी गाणं लावलं. खोलीत आवाज नाही. त्यांनी डोळे मिटले. मग बोट वर केलं — "इथे हा मुलगा श्वास घेतो. मी त्याला किती रागावले होते या श्वासावरून." आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, "तीन आठवडे मला वाटत होतं, हे पुन्हा कधी ऐकू यायचं नाही."

नवी त्यांच्यासमोर खाली बसली. "चूक माझी आहे, बाई. मी विचारायला हवं होतं. मी तुमच्याकडे नीट बघितलंच नाही."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मला म्हणाल्या, "देव भलं करो तुमचं."

मी चहाचे कप आत नेऊन ठेवले. धुतलेही. दुसरं काय करावं सुचेना.

परतताना नवी एकदाच बोलली. "दादा, तुमच्या सहीचं मी मालकांना सांगते. तुम्ही तर बाईंना भेटला नव्हता, मागे बसला होता. तुम्हाला कसं कळणार?"

मी म्हटलं, बघू.

बघू!

बुधवार, १२ मार्च

नवीने मालकांना सगळं सांगितलं. माझ्यासमोर. स्वतःवर घेतलं सगळं. मालक तिला बोलले, चांगलेच बोलले. एक महिना मी याच दिवसाची वाट बघत होतो.

दुपारी तिने डबा उघडला नाही. मी म्हटलं, जेवून घे. म्हणाली, "दादा, त्यांनी वर्ग बंद केला हो."

गुरुवार, १३ मार्च

बाईंना फोन केला. पाच मुलं परत आली. तिघांनी दुसरीकडे नाव घातलं. बाई म्हणाल्या, "चालायचंच."

आज मालकांना सांगायला गेलो होतो. दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. थांबलो असतो तर चाललं असतं.

शनिवार, १५ मार्च

वरच्या मजल्याची किल्ली मला दिली. सगळ्यांसमोर. टाळ्या झाल्या. नवीने सगळ्यात जास्त वाजवल्या.

मागाहून मालकांनी बाजूला घेतलं. म्हणाले, "खरं सांगू? माझ्या मनात तिचंच नाव होतं. परवापर्यंत. पण तीच येऊन म्हणाली — दादांना द्या. ऑर्डर दादांनी घेतली असती तर हे झालंच नसतं. बाई दारातून आत येताच त्यांना ते कान दिसले असते."

मी किल्ली खिशात टाकली आणि मालकांना थँक्यू म्हणालो.

सोमवारपासून नवीचं टेबल माझ्या शेजारी. तिनेच मागून घेतलंय. माणसाकडे कसं बघायचं, ते माझ्याकडून शिकायचंय म्हणते.