आप्पांच्या घड्याळाची डायल

सोमवार, ३ नोव्हें.
आप्पांचं घड्याळ शेवटी उघडलं. सासऱ्यांचं मनगट रिकामं मी लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा पाहिलं. केजच्या बाजारातले घड्याळवाले काका म्हणाले, मशीन साफ होईल, पण डायल लई काळी पडली, नवी रंगवून आणतो. आप्पा तडक, "रंगवल्यावर ती माझी कशी ऱ्हाईल? माझ्या सासऱ्यानं लग्नात घातलेलं घड्याळ हाय."
मी बोलून बसले, मी साफ करून बघू का? मेंदी काढून हात हलका झालाय.
आप्पांनी डायलची डबी माझ्या हातात दिली.

गुरु. ६
काकांकडून दोन भंगारातल्या डायली मागून आणल्या, सरावाला. पहिलीवर ओला कापूस फिरवला तर आकडेच उचलून आले.
हे म्हणाले, "कशापायी नसत्या नादी लागलीस? आप्पा बोलणार न्हाईत, पण जेवणार बी न्हाईत."
दुसरी डायल बरी जमली. कापूस पिळून, टेकवायचा नि उचलायचा. घासायचं नाही.

रवि. ९
सकाळी ओसरीवर उजेडात बसले. आधी मऊ ब्रश. मग काचेच्या कड्याखाली झाकली जाते ती कडा, चुकलं तरी दिसायला नको. कापसावर पिवळा मळ आला, काळं काही नाही. धीर आला. आत आत सरकत गेले. खालून सायीसारखा रंग... इतका सुंदर!
त्या आनंदातच चार नि पाचच्या आकड्यांमधे घोळ. मिनिटांच्या तीन बारीक रेघा कापसावर.
दिवसभर कशात मन नाही.

सोम. १०
सांगून टाकलं. "आप्पा, इथल्या तीन रेघा माझ्या हातनं गेल्या."
चष्मा लावून, दारात उभं राहून बघितलं. म्हणाले, "अशी गोरी होती व्हय? मी इसरूनच गेलतो."
सासूबाई आतून, "मला याद हाय. मांडवात हात वर करकरून दाखवत होते लोकाला."
आप्पा लाजले. खरंच. मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. रेघांचं कोणी बोललंच नाही.

शुक्र. १४
रेघा भरायला काळा रंग, एकदम बारीक ब्रश आणला. हे म्हणतात भर. सासूबाई म्हणतात राहू दे तशीच. आप्पा, "तुझ्या हातचं काम हाय, तू ठरव." माझं ठरेना. तोवर आप्पांनाच दम निघाला नाही, डायल नेऊन काकांकडून बसवून आणली. काका म्हणाले म्हणे, पुन्हा काढता येती कवाबी.

रवि. १६
सकाळी हिंमत केली. भरायच्याच. टेबल पुसलं, रंग कालवला, आप्पांना हाक मारली.
सासूबाई म्हणाल्या, "ते कवाच गेले यष्टीनं युसूफ वडगावला. काम काय न्हाई, उगंच. घड्याळ घालून, बाह्या दुमडून."
रंग वाळतोय. वाळू दे.